नानाभाई मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर, १८५९ - २० फेब्रुवारी, १९३६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व भूचुंबकत्वाचे अभ्यासक होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक होत. १८९६ पासून १९१९ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रॅमगाड्या येणार हे स्पष्ट झाल्यावर कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे निरुपयोगी होण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा मूस यांनी अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली आणि दोन्ही ठिकाणी सुमारे दोन वर्षे एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुनी नोंदमालिका नव्या मालिकेशी जोडली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील चुंबकीय निरीक्षणांचा त्यांनी केलेला अभ्यास १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. चुंबकीय वादळांच्या अभ्यासात हा ग्रंथ आजही संदर्भासाठी वापरला जातो.

जन्म व शिक्षण

नानाभाई मूस यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात गेले आणि तेथून त्यांनी बी.एस्‌सी. ही पदवी मिळवली. त्या काळात एडिंबऱ्यात भौतिकशास्त्राचे अध्यासन पीटर गथ्री टेट यांच्याकडे होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तोपर्यंत सर्वमान्य झाला होता. मूळ एडिंबऱ्याचेच असलेले जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची समीकरणे मांडून प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचा सिद्धांत पुढे ठेवला होता. क्षेत्र, ऊर्जा आणि तरंग या तीन कल्पनांभोवती भौतिकशास्त्राची नव्याने मांडणी होत असतानाच मूस यांचे शिक्षण झाले. पुढे एडिंबऱ्याच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली.

भारतात परतल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. या महाविद्यालयाचा आणि कुलाबा वेधशाळेचा संबंध जुना होता. वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे ज्यांच्या देखरेखीखाली सुरू झाली, ते आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार हेही एल्फिन्स्टन संस्थेतीलच प्राध्यापक होते.

पार्श्वभूमी : कुलाबा वेधशाळा

कुलाबा वेधशाळेची स्थापना ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये केली. खगोलीय निरीक्षणे करणे आणि मुंबई बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हा तिचा मूळ हेतू होता. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी जहाजावरील घड्याळ बिनचूक असावे लागते. त्यामुळे व्यापारी बंदराला वेधशाळेची गरज होती.

१८४१ मध्ये येथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता निरपेक्ष एककांत मोजण्याची पद्धत १८३०च्या दशकात दिली होती. त्यानंतर जगभर अनेक ठिकाणी एकाच पद्धतीने निरीक्षणे घेण्याची मोहीम सुरू झाली. उष्ण कटिबंधात आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ असलेले मुंबईचे स्थान या मोहिमेच्या दृष्टीने महत्त्वाचे होते.

आरंभीच्या काळात निरीक्षक दुर्बिणीतून चुंबकसूचीची स्थिती डोळ्यांनी पाहून वहीत टिपून घेत. नेहमीची नोंद तासातासाला होई. सूची अस्वस्थ दिसली, तर नोंदी अधिक वेळा घेतल्या जात. २ सप्टेंबर १८५९ रोजी, म्हणजे मूस यांच्या जन्माच्या सुमारे दोन महिने आधी, इतिहासातील सर्वांत तीव्र चुंबकीय वादळांपैकी एक वादळ पृथ्वीवर आले. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी काही मिनिटांच्या अंतराने नोंदी घेतल्या. पुढे अर्धशतकाने या नोंदींचे जतन व विश्लेषण करण्याचे काम मूस यांच्याकडे आले.

१८७२ पासून कुलाब्यात छायाचित्रणाद्वारे अखंड नोंद होऊ लागली. या काळात वेधशाळेचे संचालकपद चार्ल्स चेंबर्स यांच्याकडे होते. त्यांच्यानंतर १८९६ मध्ये मूस यांची नेमणूक झाली.

भूचुंबकीय क्षेत्राचे मापन

मूस यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी वेधशाळेत नेमके काय मोजले जात असे हे पाहणे आवश्यक आहे. चुंबकाच्या किंवा विद्युतप्रवाहाच्या भोवतालच्या प्रत्येक बिंदूशी एक बल निगडित असते आणि त्याला परिमाण व दिशा दोन्ही असतात. या बलाच्या सर्व जागी असलेल्या वितरणाला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. पृथ्वीलाही असे क्षेत्र आहे. भूपृष्ठावर त्याची तीव्रता साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला इतकी असते. घरातील दारांना लावलेल्या लहान चुंबकाजवळच्या क्षेत्राच्या तुलनेत हे क्षेत्र फार क्षीण आहे.

एखाद्या ठिकाणचे क्षेत्र पूर्णपणे सांगण्यासाठी तीन राशी लागतात. वेधशाळांत बहुधा पुढील राशी मोजल्या जात :

दिक्पात : होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतील कोन.

आडवा घटक : क्षेत्राचा जमिनीला समांतर असलेला भाग. मुंबई परिसरात याचे मूल्य सध्या सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे.

उभा घटक : क्षेत्राचा जमिनीला लंब असलेला भाग. चुंबकीय विषुववृत्तावर तो शून्य असतो आणि ध्रुवांकडे वाढत जातो.

या राशी स्थिर नसतात. त्यांच्यात दिवसभरात लहानसा चढउतार होतो. वर्षानुवर्षे त्या अतिशय मंद गतीने बदलतात. अधूनमधून काही तास किंवा काही दिवस त्यांच्यात मोठी खळबळ होते, तिला चुंबकीय वादळ म्हणतात. मुंबईत आडव्या घटकाचा रोजचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो, म्हणजे एकूण मूल्याच्या सुमारे हजारात एक. एवढा बारीक बदल टिपण्यासाठी बारीक धाग्याला टांगलेल्या चुंबकावर आरसा बसवत. दिव्याचा किरण त्या आरशावरून परावर्तित होऊन फिरत्या नळकांड्यावरील प्रकाशसंवेदी कागदावर पडे. चुंबक किंचितही वळला, तरी दूरच्या कागदावर प्रकाशाचा ठिपका ठळकपणे सरके. चोवीस तासांच्या हालचालीची रेषा कागदावर आपोआप उमटत असे.

अशा रेषेचे मोल तिच्या सातत्यात असते. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. त्याचा पृथ्वीच्या चुंबकत्वाशी असलेला संबंध तपासायचा असेल, तर अनेक चक्रे पुरतील इतकी दीर्घ आणि एकाच मापाने घेतलेली मालिका हाती असावी लागते. मधे खंड पडला किंवा मोजण्याची जागा बदलली, तर बदल निसर्गातला की उपकरणाचा, हे सांगता येत नाही.

विजेच्या ट्रॅमचा प्रश्न

मुंबईत १८७४ पासून घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रॅमगाड्या धावत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालवण्याची योजना पुढे आली. शहराच्या दृष्टीने ही प्रगती होती. वेधशाळेला मात्र ती संकट ठरणार होती.

त्या काळच्या ट्रॅमगाड्या एकदिश प्रवाहावर चालत. वरच्या तारेतून आलेला प्रवाह गाडीच्या मोटारीतून जाऊन रुळांवाटे वीजकेंद्राकडे परते. तारेतील आणि रुळांतील प्रवाह परस्परविरुद्ध दिशेने वाहत असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रे दूरच्या ठिकाणी बहुतांशी एकमेकांना रद्द करतात. परंतु रूळ जमिनीवर असतात. त्यामुळे परतीच्या प्रवाहाचा काही भाग मातीत झिरपतो आणि पाण्याचे नळ, ओलसर जमीन अशा वाटांनी दूरवर पसरतो. मग दोन्ही प्रवाहांचा समतोल राहत नाही.

याचा परिणाम साध्या गणिताने समजतो. लांब सरळ तारेतील प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र प्रवाहाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. अशा तारेत ५० अँपिअरचा असमतोल प्रवाह असेल, तर ५०० मीटर अंतरावर सुमारे २० नॅनोटेस्लाचे क्षेत्र निर्माण होते. पृथ्वीच्या एकूण क्षेत्रापुढे ही रक्कम नगण्य वाटते. वेधशाळा जे बदल मोजते, ते मात्र याच आकाराचे असतात. शिवाय गाडी सुटताना प्रवाह वाढतो, थांबताना कमी होतो आणि शहरात एकाच वेळी अनेक गाड्या धावत असतात. त्यामुळे नोंदीत पहाटेपासून रात्रीपर्यंत सतत थरथर दिसली असती. वादळाचा आरंभ सूचित करणारी अचानक उसळी आणि ट्रॅमचा धक्का यांत फरक करता आला नसता.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. कॅनडात टोरांटो येथील चुंबकीय निरीक्षणे विजेच्या ट्रॅममुळे १८९८ मध्ये शहराबाहेर अजिनकोर्ट येथे हलवावी लागली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या चुंबकीय कामासाठी स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूर येथे नवी वेधशाळा बांधण्यात आली आणि ती १९०८ मध्ये सुरू झाली. शहर आणि चुंबकीय वेधशाळा एकत्र नांदू शकत नाहीत, हे जगभर अनुभवाला येत होते.

कुलाब्याच्या नोंदी अर्धशतकाहून अधिक जुन्या होत्या. त्या थांबल्या असत्या, तर आशियातील अशी एक मोठी मालिका तिथेच संपली असती. मूस यांनी हा प्रश्न सरकारपुढे मांडला. ट्रॅम सुरू होण्यापूर्वी पर्यायी जागेवर काम सुरू झाले पाहिजे, हा त्यांच्या प्रयत्नांचा गाभा होता. विजेवरची पहिली ट्रॅमगाडी मुंबईत ७ मे १९०७ रोजी धावली. तोवर अलिबागची वेधशाळा सुरू होऊन सुमारे तीन वर्षे झाली होती.

अलिबाग वेधशाळेची स्थापना

नव्या वेधशाळेसाठी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची निवड झाली. अलिबाग हे त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. अलिबागच्या किनाऱ्याजवळील जलदुर्गाचे नावही कुलाबाच आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळा आणि हा कुलाबा जिल्हा यांचा नामसाम्यामुळे घोटाळा होऊ शकतो.

अलिबागची जागा अनेक दृष्टींनी सोयीची होती. मुंबईपासून ती फार दूर नव्हती, त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या भूचुंबकीय परिस्थितीत मोठा फरक पडणार नव्हता. शहरातील वीजवहनाचा उपद्रव तेथे पोहोचणार नव्हता. रेल्वेमार्ग आणि कारखाने यांपासूनही ती जागा मुक्त होती.

बांधकामात मात्र विशेष अडचण होती. खानदेशातील सातपुड्यापासून कोकणाच्या किनाऱ्यापर्यंत महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट या काळ्या दगडाचा बनलेला आहे. घरे, पूल आणि किल्ले यांसाठी हाच दगड सर्रास वापरला जातो. त्यात मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजाचे कण असतात, म्हणून तो स्वतःच क्षीण चुंबकासारखा वागतो. अशा दगडाच्या भिंती चुंबकमापकाच्या जवळ चालणार नव्हत्या. म्हणून वेधशाळेसाठी सौराष्ट्रातील पोरबंदरचा वालुकाश्म आणण्यात आला आणि तो चुंबकीय गुणधर्मापासून मुक्त आहे याची चाचणी घेण्यात आली. लोखंडी खिळे, बिजागऱ्या व कड्या यांना फाटा देऊन अचुंबकीय धातूंचे सामान वापरण्यात आले.

नोंदी घेणाऱ्या उपकरणांची खोली दुसऱ्या खोलीच्या आत बांधलेली आहे. दुहेरी भिंतींमुळे बाहेरच्या तापमानातील रोजचा चढउतार आतपर्यंत फारसा पोहोचत नाही. चुंबक तापला की त्याचे चुंबकत्व किंचित घटते आणि उपकरणाचे वाचन बदलते. तापमान स्थिर ठेवल्याने ही त्रुटी टळते. क्षेत्राची निरपेक्ष मूल्ये मोजण्यासाठी वेगळी इमारत आहे.

समांतर निरीक्षणे

अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले. त्यानंतर कुलाब्याचे काम लगेच बंद करण्यात आले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. मूस यांच्या कार्यातील हा निर्णय शास्त्रीय दृष्ट्या सर्वाधिक परिणामकारक ठरला.

भूगर्भातील खडकांची रचना जागोजागी वेगळी असते. त्यामुळे ३० किलोमीटरवरील दोन ठिकाणच्या क्षेत्रांतही ठराविक फरक असतो. कुलाब्याची मालिका एका दिवशी थांबवून दुसऱ्या दिवशी अलिबागची सुरू केली असती, तर आकड्यांत एक पायरी पडली असती. ही पायरी जागेच्या फरकामुळे किती आणि पृथ्वीच्या क्षेत्रातील खऱ्या बदलामुळे किती, हे नंतर ठरवता आले नसते. दोन्ही ठिकाणची एकाच वेळची मूल्ये हाती असल्यावर त्यांतील फरक थेट काढता येतो. शिवाय शांत दिवस, अशांत दिवस, उन्हाळा व पावसाळा अशा वेगवेगळ्या परिस्थितींत हा फरक टिकतो का, हेही तपासता येते. त्यासाठी निरीक्षणे दीर्घकाळ चालवणे आवश्यक होते.

१९०६ मध्ये कुलाब्यातील चुंबकीय नोंदी बंद झाल्या. दोन वेधशाळांचे आकडे जोडलेले असल्याने १८४१ पासूनची मालिका मात्र अखंड राहिली. आज ती कुलाबा-अलिबाग मालिका म्हणून ओळखली जाते. जगातील दीर्घतम चुंबकीय नोंदमालिकांमध्ये तिची गणना होते.

साठ वर्षांच्या नोंदींचा ग्रंथ

कुलाब्यातील काम संपल्यावर मूस यांनी तेथील संचित सामग्रीचा एकत्रित अभ्यास हाती घेतला. १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे व त्यांची चर्चा १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिल्या खंडात उपकरणे आणि आकडेवारी यांची माहिती असून दुसऱ्या खंडात घटनांचे विवेचन आहे.

या काळात सौरडागांची पाच चक्रे पूर्ण झाली होती. निरीक्षक बदलले होते, उपकरणे बदलली होती आणि हाताने टिपलेल्या नोंदींच्या जागी छायाचित्रित रेषा आल्या होत्या. या सर्व नोंदी एका मापावर आणण्यासाठी प्रत्येक उपकरणाचे गुणांक आणि दुरुस्त्या तपासाव्या लागतात. हे काम कष्टाचे असते आणि त्यातून लगेच नवा शोध हाती येत नाही. परंतु मूस यांनी उपकरणांविषयी दिलेल्या तपशिलांमुळेच नंतरच्या संशोधकांना एकोणिसाव्या शतकातील आकडे विश्वासाने वापरता आले.

चुंबकीय वादळांच्या विश्लेषणात मूस यांनी वापरलेली पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. वादळ दिवसाच्या कोणत्याही वेळी सुरू होऊ शकते. त्यामुळे अनेक वादळांच्या नोंदी घड्याळाच्या तासांप्रमाणे एकत्र करून सरासरी काढली, तर रोजचा चढउतार आणि वादळाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. याउलट प्रत्येक वादळाचा आरंभ हा शून्य तास मानला आणि तेथून पुढचे तास मोजून सरासरी काढली, तर रोजचा चढउतार बहुतांशी पुसला जातो. कारण वेगवेगळ्या वादळांचा शून्य तास दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पडलेला असतो. मागे उरते ते वादळाचे स्वतःचे रूप.

अशा विश्लेषणातून वादळाचे ठराविक टप्पे स्पष्ट होतात. प्रथम आडवा घटक एकाएकी थोडा वाढतो. काही तासांनी तो नेहमीच्या पातळीच्या बराच खाली जातो. त्यानंतर तो हळूहळू, काही दिवसांत, पूर्वपदावर येतो. इंग्लिश भूभौतिकीतज्ज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९१८ पासून अनेक वेधशाळांच्या नोंदी घेऊन ही पद्धत विस्तारली आणि तिच्या आधारे वादळांचा सिद्धांत मांडण्यास सुरुवात केली. वादळाची तीव्रता सांगण्यासाठी आज वापरला जाणारा डीएसटी निर्देशांक याच विचारावर आधारलेला आहे.

वादळांच्या ऊर्जेचा प्रश्न

मूस यांनी संचालकपद स्वीकारले, तेव्हा चुंबकीय वादळे सूर्यामुळे होतात की नाही, हाच वादाचा विषय होता. सौरडाग वाढले की वादळे वाढतात, हे नोंदींवरून दिसत होते. तरीही लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात हा संबंध नाकारला. त्यांचा आक्षेप ऊर्जेच्या हिशेबावर आधारलेला होता. सूर्य चुंबकीय तरंग सर्व दिशांना पाठवून पृथ्वीवर वादळ घडवतो असे मानले, तर आठ तासांच्या मध्यम वादळासाठी त्याला उष्णता व प्रकाश यांच्या रूपाने चार महिन्यांत बाहेर पडते तेवढी ऊर्जा खर्च करावी लागेल, असे गणित त्यांनी मांडले. हे अशक्य असल्याने सौरडाग आणि वादळे यांचा मेळ हा निव्वळ योगायोग असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

केल्व्हिन यांचे गणित बरोबर होते. गृहीतक मात्र चुकीचे होते. सूर्याकडून येणारा परिणाम सर्व दिशांना सारखा पसरणाऱ्या चुंबकीय तरंगांच्या रूपाने येत नाही. सूर्यावरून भारित कणांचे झोत निघतात आणि ते ठराविक दिशांनाच जातात. त्यांपैकी जे पृथ्वीशी येऊन धडकतात, त्यांतील ऊर्जेचा अल्प अंश पृथ्वीच्या चुंबकीय आवरणात शिरतो. तेथे पृथ्वीभोवती वलयाकार विद्युतप्रवाह वाढतो आणि त्याचे क्षेत्र भूपृष्ठावरील आडव्या घटकाच्या विरुद्ध दिशेने कार्य करते. वादळात आडवा घटक घटतो तो यामुळे. हे चित्र विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने स्पष्ट झाले. ते उभे राहण्यासाठी वादळ कसे सुरू होते, किती घटते आणि किती वेळात निवळते, याचे विश्वसनीय आकडे लागत होते. मूस यांच्या ग्रंथाने ते उपलब्ध करून दिले.

भूकंपीय तरंगांची नोंद

मूस यांच्या कारकिर्दीत कुलाबा वेधशाळेच्या कार्यात भूकंपशास्त्राची भर पडली. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये अतितीव्र भूकंप झाला. या भूकंपाच्या युरोपातील नोंदींच्या अभ्यासातून रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १९०० मध्ये भूकंपाच्या तरंगांचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले. प्राथमिक तरंगांत खडकाचे कण तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे हलतात, दुय्यम तरंगांत ते आडवे हलतात आणि पृष्ठतरंग भूपृष्ठालगत प्रवास करतात. पहिल्या दोन प्रकारांचे वेग वेगळे असल्याने ते वेधशाळेत वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. वेळेतील या फरकावरून भूकंपाचे अंतर काढता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात जॉन मिल्न यांच्या रचनेचे भूकंपलेखक बसवण्यात आले. कुलाबा वेधशाळा ही अशा पहिल्या केंद्रांपैकी एक होती. अचूक वेळ राखण्याची तिची जुनी परंपरा येथे उपयोगी पडली, कारण तरंग पोहोचल्याची वेळ बिनचूक नसेल तर भूकंपाच्या नोंदीचा उपयोग होत नाही. चुंबकीय नोंदी अलिबागला गेल्यानंतरही कुलाब्यात हवामान, वेळ आणि भूकंप यांविषयीचे काम चालू राहिले.

१९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळून गेला. मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटातून जाईल असा अंदाज होता आणि जगभर त्याविषयी कुतूहल व भीती होती. या काळातील चुंबकीय नोंदींचाही मूस यांनी विचार केला.

निवृत्ती व मृत्यू

मूस १९१९ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले. २० फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

कुलाबा व अलिबाग येथील भूचुंबकीय कार्यातून पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्था आकाराला आली. १९७१ मध्ये तिला स्वायत्त संस्थेचा दर्जा मिळाला. तिचे मुख्यालय आता नवी मुंबई परिसरात नवीन पनवेल येथे आहे. अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत आहे.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी सप्टेंबर १८५९ च्या महावादळाचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी कुलाब्याच्या नोंदींचा आधार घेतला. उपकरणांच्या तपशिलासाठी मूस यांचा १९१० चा ग्रंथ उपयोगी पडला. त्या दिवशी कुलाब्यात आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता, असे या नोंदींवरून दिसून येते. उच्च अक्षांशांवरील अनेक वेधशाळांत वादळाच्या वेळी ध्रुवीय प्रकाशाशी निगडित प्रवाहांचा प्रभाव मोठा असतो आणि त्या काळी छायाचित्रित नोंदी कागदाबाहेर जात. मुंबई विषुववृत्ताकडे असल्याने आणि नोंदी हाताने घेतलेल्या असल्याने त्या वादळाचे जागतिक स्वरूप ठरवण्यास कुलाब्याचे आकडे विशेष महत्त्वाचे ठरले.

असे वादळ पुन्हा आल्यास वीजवहनाच्या जाळ्यांवर, उपग्रहांवर आणि संदेशवहनावर गंभीर परिणाम होऊ शकतात. अशा धोक्याचा अंदाज बांधताना भूतकाळातील सर्वांत मोठे वादळ किती तीव्र होते, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. त्याचे उत्तर देणाऱ्या मोजक्या विश्वसनीय नोंदींमध्ये कुलाब्याच्या नोंदींचा समावेश होतो.

हेही पाहा

कुलाबा वेधशाळा
भारतीय भूचुंबकत्व संस्था
अलिबाग
भूचुंबकत्व
सौरडाग
भूकंपलेखक